व्हर्जिनिया २०१८-१९ : ३५ विजय, ३ पराभव आणि शेवटचे काही सेकंद

बाकावरून

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा विषय निघाला की आपल्याकडे ड्यूक, नॉर्थ कॅरोलायना, केंटकी एवढीच नावं फिरतात. हा धागा व्हर्जिनिया विद्यापीठाच्या पुरुष संघाच्या २०१८-१९ च्या हंगामाबद्दल.

पार्श्वभूमी थोडक्यात. १६ मार्च २०१८ ला शार्लटमध्ये, देशात पहिल्या क्रमांकाचा मान असलेला हा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत यूएमबीसीकडून (मेरीलँड विद्यापीठ, बाल्टिमोर काउंटी) ७४-५४ असा हरला. पहिलं मानांकन विरुद्ध सोळावं मानांकन या लढतीत तोपर्यंत पुरुषांच्या स्पर्धेत हिशेब १३५-० होता. तो व्हर्जिनियाने मोडून दाखवला, तोही वीस गुणांनी. तिथून वर्षभराने, ८ एप्रिल २०१९ ला मिनिआपोलिसमध्ये टेक्सस टेकला जादा वेळेत ८५-७७ हरवून हाच संघ विजेता झाला. शाळेचं पहिलंच विजेतेपद. (तिकडे कॉलेजलाही शाळाच म्हणतात, त्यावरून वाद नको.)

हंगामाचा हिशेब: एकूण ३५-३, एसीसी या त्यांच्या गटात १६-२. तीन पराभवांपैकी दोन ड्यूककडून आणि एक एसीसी स्पर्धेच्या उपांत्य फेरीत फ्लोरिडा स्टेटकडून. प्रशिक्षक टोनी बेनेट. मुख्य खेळाडू काइल गाय, टाय जेरोम, डिआंद्रे हंटर, मामादी डियाकिटे आणि पहिल्या वर्षाचा, जेमतेम पावणेसहा फुटांचा किहेई क्लार्क.

प्रश्न असा, की वर्षभरात नेमकं बदललं काय? माझं मत आधीच सांगतो. 'पॅक लाइन' बचाव तोच राहिला, आक्रमण बरंच सुधारलं, आणि शेवटच्या तीन सामन्यांत नशिबाने हात दिला. तिसऱ्या मुद्द्यावर भांडण होणार हे गृहीत धरलं आहे.

डावखुरा

आधी तो 'पॅक लाइन' बचाव कुणीतरी नीट समजावून सांगा. समालोचक नुसतं नाव घेतात आणि पुढे जातात.

रेघ

@डावखुरा, ही पद्धत टोनीचे वडील डिक बेनेट यांची. विस्कॉन्सिनला २००० साली त्यांनी अंतिम चारमध्ये नेलं ते याच बचावावर.

रिंगपासून साधारण १६ फुटांवर एक कमान आहे असं समजा. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याच्यावर एकजण अंगावर जाऊन दबाव ठेवतो. उरलेले चौघे त्या रेषेच्या आत. आपापल्या माणसाला चिकटायचं नाही, चेंडू आणि आपला माणूस यांच्यामधली फट अडवून उभं राहायचं. बाहेरच्या बाहेर पास होऊ द्यायचे. ड्रिबल करत (चेंडू आपटत) आत घुसायला मात्र वाट ठेवायची नाही.

ऐकायला सोपं आहे. बिघडतं ते चार ठिकाणी.

एक, क्लोजआउट, म्हणजे बाहेर ज्याच्याकडे पास गेला त्याच्यावर धावून जाणं. चेंडू हवेत असतानाच निघायचं. पहिलं दोन तृतीयांश अंतर पळत, उरलेलं छोट्या छोट्या पावलांनी, ढुंगण खाली आणि हात वर. बहुतेक पोरं पास हातात पडल्यावर निघतात. मग उशीर भरून काढायला शेवटपर्यंत पळतात, वजन पुढे जातं आणि समोरचा एका ड्रिबलमध्ये बाजूने निसटतो. व्हर्जिनियाचे खेळाडू फार चपळ होते असं नाही. ते अर्धा सेकंद आधी निघायचे.

दोन, बेसलाइन, म्हणजे रिंगमागची रेषा. या पद्धतीत मदत मधल्या बाजूला उभी असते, त्यामुळे बेसलाइनकडून आत जाऊ द्यायचं नाही. इतर अनेक बचावांत मुद्दाम बेसलाइनकडे ढकलायला शिकवतात. ती सवय असलेला खेळाडू इथे पहिले दोन महिने गोंधळतो.

तीन, बॉल स्क्रीन, म्हणजे चेंडूवाल्याच्या बचावपटूच्या वाटेत साथीदाराने आडवं उभं राहणं. व्हर्जिनियाचा उंच खेळाडू स्क्रीनच्या वर उडी मारून ड्रिबलरच्या आडवा यायचा, म्हणजे हार्ड हेज. ड्रिबलरला रिंगपासून दूर दोन-तीन ड्रिबल मारायला लावायचे, तेवढ्यात ड्रिबलरला राखणारा गार्ड परत पुढे येतो आणि उंच खेळाडू पळत आपल्या माणसाकडे जातो. छाती साइडलाइनकडे नसून तिरकी राहिली की स्क्रीन आणि हेज यांच्यामधून ड्रिबलर चिरून जातो. आणि हात खाली गेले की फाउल. जॅक सॉल्ट गुण फारसे करत नसे, पण हेज मात्र पाठ्यपुस्तकात छापावा असा.

चार, पोस्ट, म्हणजे रिंगजवळची जागा. आत चेंडू गेला की दुसरा उंच खेळाडू धावून येऊन डबल टीम करतो. त्या वेळी उरलेले तिघे चार जणांना सांभाळतात. सर्वांत लांबचा शूटर मोकळा सोडतात, कारण त्याच्यापर्यंतचा पास सर्वांत जास्त वेळ हवेत राहतो.

याचा परिणाम म्हणजे त्या हंगामात प्रतिस्पर्ध्यांना सरासरी ५६ गुण. देशात सर्वांत कमी.

वऱ्हाडी_पॉइंटगार्ड

रेघ भाऊ, झकास लिहिलं. पण ५६ गुणांचा आकडा थोडा फसवा आहे ना? हे लोक आक्रमणातही शॉट क्लॉकचे (शॉट मारायला मिळणाऱ्या ३० सेकंदांतले) २०-२५ सेकंद खातात. सामनाच आखूड, तर गुण कमी पडणारच.

आकडेमोड

बरोबर पकडलंत. व्हर्जिनियाच्या सामन्यात प्रत्येक संघाला साधारण ६० पझेशन (चेंडू ताब्यात येण्याच्या पाळ्या) मिळायचे, पहिल्या विभागातल्या साडेतीनशे संघांत सर्वांत संथ. म्हणून प्रति सामना गुण बाजूला ठेवा, प्रति पझेशन गुण बघा. तिथेही त्यांचा बचाव देशात पहिल्या पाचात होता आणि आक्रमण पहिल्या दोन-तीनांत. हे दुसरं वाक्य परत वाचा. 'कंटाळवाणा बचावखोर संघ' म्हणून ज्यांची थट्टा व्हायची त्यांचं आक्रमण बचावापेक्षा वरच्या क्रमांकावर होतं.

आता 'संथ खेळामुळे उलटफेराचा धोका वाढतो' हा लाडका सिद्धांत. यूएमबीसीनंतर तो प्रत्येकाच्या तोंडी होता. हिशेब करून बघू. समजा तुम्ही प्रति पझेशन ०.१५ गुणाने सरस आहात. एका पझेशनमधल्या गुणांचं प्रमाण विचलन साधारण १.१५ धरा.

६० पझेशन: अपेक्षित आघाडी ९ गुण, फरकाचं विचलन सुमारे १२.६. जिंकण्याची शक्यता ७६ टक्के.
७० पझेशन: आघाडी १०.५, विचलन १३.६. शक्यता ७८ टक्के.

दोन टक्के! एवढ्यासाठी पद्धत बदलायची नसते. वेग वाढवताना तुमची सरसी ०.१५ वरून ०.१३ वर आली तरी ते दोन टक्के गेले. बेनेटने वेग वाढवला नाही, ते अगदी शहाणपणाचं होतं.

बाकावरून

मग यूएमबीसीला वीस गुणांनी कसे हरले?

आकडेमोड

मध्यंतराला २१-२१ होतं. दुसऱ्या अर्ध्यात ५३-३३. यूएमबीसीने २४ पैकी १२ थ्री (रेषेबाहेरून तीन गुणांचे शॉट) मारले, व्हर्जिनियाने २२ पैकी ४. बाहेरून एवढा फरक पडला की मानांकनं कागदावरच राहतात.

रेघ

आणि हंटर नव्हता. एसीसी स्पर्धेत त्याचं मनगट मोडलं होतं. पॅक लाइनमध्ये चौघे आत असतात, तेव्हा समोर पाचही जण बाहेर पसरून लहान, चपळ गार्ड घेऊन खेळायला लागले की तुम्हाला गार्डलाही अडवेल आणि रिबाउंडलाही (हुकलेला चेंडू घ्यायला) जाईल असा एक सहा फूट सात इंची माणूस लागतो. तो बाकावर प्लास्टर घालून बसला होता. दुसरी गोष्ट, पिछाडीवर पडल्यावर झटपट गुण करायची सोयच त्या संघाकडे नव्हती. घाई केली की शॉट बिघडायचे, आणि चुकलेल्या शॉटवर समोरचे पळत सुटायचे.

हुकलेला_फ्रीथ्रो

इथेच २०१८-१९ चा खरा बदल येतो, आणि त्यावर कुणी बोलत नाही.

बेनेटचं जुनं आक्रमण म्हणजे 'ब्लॉकर-मूव्हर'. दोन उंच खेळाडू ब्लॉकर, तीन गार्ड मूव्हर. प्रत्येक ब्लॉकर आपापल्या अर्ध्यात राहतो आणि येणाऱ्या मूव्हरला स्क्रीन लावतो. मूव्हरने बचावपटू बघून ठरवायचं: तो मागून चिकटून येतोय तर स्क्रीनला वळसा घालून आत जा, तो स्क्रीनखालून आडवाटेने जातोय तर उलट बाहेर सरक आणि थ्री घे. गाय हे अंगात आल्यासारखं करायचा. पण समोरच्या संघाने सगळ्या स्क्रीनवर माणसं बदलायला सुरुवात केली की हे यंत्र अडायचं. जानेवारीत ड्यूकने स्वतःच्या मैदानावर ७२-७० हरवलं तेव्हा हेच केलं होतं.

मग त्या हंगामात बॉल स्क्रीनची साखळी वाढवली. जेरोमच्या हातात चेंडू, डावीकडे स्क्रीन, काही झालं नाही तर चेंडू फिरवून उजवीकडे लगेच दुसरा. जेरोम सहा फूट पाच इंच, त्यामुळे हेजच्या डोक्यावरून पलीकडच्या कोपऱ्यात पास टाकू शकायचा. गाय, हंटर, जेरोम तिघांचीही थ्रीची टक्केवारी चाळिशीच्या आसपास किंवा वर. म्हणजे मदतीला आत यायचं की कोपऱ्यात थांबायचं, यात बचाव कायम अडकलेला. मार्चमध्ये सिराक्यूजच्या झोनविरुद्ध (माणसाऐवजी जागा राखणारा बचाव) २५ पैकी १८ थ्री मारले आणि एकट्या जेरोमचे १४ असिस्ट (गुण करून देणारे पास) होते. कंटाळवाणा संघ म्हणे!

क्लार्कची भूमिकाही यातच बसते. तो चेंडू वर आणायचा, पूर्ण मैदानभर समोरच्या गार्डला छळायचा, त्यामुळे जेरोम आणि गाय यांना श्वास घ्यायला वेळ मिळायचा.

डावखुरा

ड्यूकचा दुसरा सामना विसरू नका. फेब्रुवारीत शार्लट्सव्हिलमध्ये ८१-७१. बाहेरून कच्चा म्हणून ओळखला जाणारा ड्यूक, आणि २१ पैकी १३ थ्री. पॅक लाइनवाल्यांना हा प्रश्न विचारलाच पाहिजे की तुम्ही बाहेरचा शॉट देता, मग असा दिवस उजाडला तर?

रेघ

तर हरता. दोन दिवसांनी नॉर्थ कॅरोलायनाला जाऊन ६९-६१ जिंकता. बचाव तोच ठेवून.

आकडेमोड

+१. प्रशिक्षकाने एका सामन्याच्या आकड्यावर रेषा बाहेर सरकवली असती तर पुढच्या सामन्यात आतून मार खाल्ला असता.

मधली_फळी

आता नशिबाकडे या. एकेक सामना घेऊ.

गार्डनर-वेब, पुन्हा सोळावं मानांकन. पहिल्या अर्ध्यात व्हर्जिनिया १४ गुणांनी मागे! शेवटी ७१-५६. मग ओक्लाहोमा ६३-५१, ओरेगन ५३-४९. इथवर ठीक.

पर्ड्यू. कार्सन एडवर्ड्सने ४२ गुण केले, १० थ्री, त्यातले काही तर अर्ध्या मैदानाजवळून. ७०-६७ अशी तीनची आघाडी असताना पर्ड्यूने ५.९ सेकंद बाकी असताना जेरोमला मुद्दाम फाउल केलं. पहिला फ्री थ्रो आत, दुसरा बाहेर. डियाकिटेने चेंडू मागे टोलवला, तो थेट पलीकडच्या अर्ध्यात गेला. क्लार्क धावत गेला, वळला, जवळ चेंडू मागणाऱ्या जेरोमला सोडून लांब डियाकिटेला पास दिला, आणि घंटेबरोबर शॉट आत. ७०-७०. जादा वेळेत ८०-७५.

ऑबर्न. दहाची आघाडी घालवून ऑबर्नला सलग १४ गुण दिले. गायने कोपऱ्यातून थ्री मारून अंतर एकवर आणलं. ऑबर्नने दोनपैकी एक फ्री थ्रो टाकला, ६२-६०. शेवटी ०.६ सेकंद बाकी असताना गायला थ्रीच्या शॉटवर फाउल. तिन्ही आत. ६३-६२.

त्याच्या काही सेकंद आधी जेरोमचा डबल ड्रिबल झाला होता आणि पंचांनी दिला नाही. हे नशीब नाही तर काय?

हुकलेला_फ्रीथ्रो

डबल ड्रिबल होताच, वाद नाही. पायाला लागून चेंडू मागे गेला, त्याने दोन्ही हातांनी उचलला आणि परत ड्रिबल केला. व्हिडिओ बघून असा निर्णय बदलायची सोय नियमात नाही. पण ऑबर्नकडे त्या वेळी फ्री थ्रो न देता फाउल करण्याची मुभा होती आणि ते ती वापरत होते. नेमक्या त्याच गडबडीत ते घडलं.

गायच्या थ्रीवरचं फाउलही खरंच होतं. बचावपटू उडी मारून शूटरच्या उतरायच्या जागेत आला. हात चेंडूला लागला की नाही हे गौण आहे, शूटरला सरळ खाली उतरायला जागा मिळालीच पाहिजे. कॉलेजच्या पोरांना हे शंभरदा सांगावं लागतं. शेवटच्या सेकंदाच्या शॉटवर उडी सरळ वर मारा, पुढे झेपावू नका.

वऱ्हाडी_पॉइंटगार्ड

तीनची आघाडी असताना फाउल करणं चूक होतं का पर्ड्यूचं?

आकडेमोड

चूक नव्हती. सहा सेकंदांत समोरच्याला पहिला टाकावा लागतो, दुसरा चुकवून रिबाउंड मिळवावा लागतो आणि परत गुण करावा लागतो. तिन्ही मिळून शक्यता फार थोडी.

रेघ

निर्णय बरोबर, अंमलबजावणी अर्धी. तिकडच्या नियमात फ्री थ्रोच्या वेळी कडेला बचावाचे चार आणि आक्रमणाचे दोन खेळाडू उभे राहू शकतात. चार विरुद्ध दोन असूनही डियाकिटेला एका हाताने चेंडू टोलवता आला. अशा वेळी प्रत्येक उंच खेळाडूला दोघांनी मध्ये घ्यायचं असतं, आणि मागे टोलवलेल्या चेंडूसाठी एक गार्ड वर्तुळाच्या मागे मोकळा ठेवायचा असतो. चेंडू पकडायला जाऊ नका, आधी माणूस अडवा, चेंडू जमिनीवर पडू दे. घड्याळ तुमच्या बाजूने धावतंय.

आणि क्लार्कचा पास नशीब नव्हे. पळताना घड्याळ बघणं, वळताना लांबचा माणूस हेरणं, ड्रिबल न मारता एका हालचालीत पास देणं. एक ड्रिबल मारला असता तर शॉट घंटेनंतर सुटला असता.

मधली_फळी

बरं, ते मान्य. अंतिम सामना? तिथेही शेवटच्या अर्ध्या मिनिटात ६८-६५ ने मागे होते.

हुकलेला_फ्रीथ्रो

तिथे तर मी नशिबाला पाच टक्केही द्यायला तयार नाही. जेरोम आत घुसला, हंटरवरचा बचावपटू मदतीला दोन पावलं आत आला, पास हंटरला, थ्री. सुमारे १२ सेकंद बाकी, ६८-६८. वर लिहिलेल्या त्याच आक्रमणाचा तोच पास. टेक्सस टेकचा बचावही त्या वर्षी देशातला सर्वोत्तम मानला जात होता, तरी मदत करायची की थांबायचं या पेचात तोही सापडला.

दुसरीकडे हंटरने टेक्सस टेकच्या जॅरेट कल्व्हरला सामनाभर अडवलं. कल्व्हरचे २२ शॉटपैकी ५ आत. हंटर २७ गुण, ९ रिबाउंड. गाय २४ गुण आणि अंतिम टप्प्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू. मला विचाराल तर तो मान हंटरचा होता.

जादा वेळेत व्हर्जिनियाने १७ गुण केले, त्यातले १२ फ्री थ्रोचे. बारापैकी बारा. माझं टोपणनाव बघता हे लिहिताना जरा जड जातंय.

डावखुरा

जादा वेळेत एक चेंडू व्हिडिओ बघून व्हर्जिनियाला दिला होता, टेक्सस टेकच्या मोरेटीच्या करंगळीला पुसटसा लागला म्हणून. तेही जोडा नशिबाच्या खात्यात :)

मधली_फळी

जोडलं. ऑबर्नचं एक, ही करंगळी अर्धी. बाकीचं मागे घेतो.

वऱ्हाडी_पॉइंटगार्ड

आता कामाचा प्रश्न. आपल्या आंतरमहाविद्यालयीन संघाला पॅक लाइन शिकवायची तर फिबाच्या (आंतरराष्ट्रीय महासंघाच्या) नियमांत जमेल का? तिकडे ३० सेकंदांचा शॉट क्लॉक, इथे २४. तिकडे २० मिनिटांचे दोन भाग, इथे १० मिनिटांचे चार.

रेघ

जमतं, बदल करावे लागतात. २४ सेकंद बचावाच्या फायद्याचेच आहेत, सहा सेकंद कमी अडवायचं. अडचण रेषेची. व्हर्जिनिया खेळत होती तेव्हा कॉलेजची थ्री रेषा २० फूट ९ इंचांवर, म्हणजे ६.३२ मीटर होती. पुढच्याच हंगामापासून ती मागे सरकवली. आपल्याकडे ६.७५ मीटर. क्लोजआउटला ४० सेंटिमीटरहून जास्त अंतर वाढतं. त्यामुळे १६ फुटांची कमान जशीच्या तशी आखली तर शूटरपर्यंत पोचायला उशीर होतो. ती सव्वापाच मीटरवर घ्या.

आखायची अशी: बेसलाइनच्या आतल्या कडेपासून १.५७५ मीटरवर, म्हणजे रिंगच्या मध्याच्या बरोबर खाली, एकाने दोरीचं टोक पायाखाली दाबून धरायचं. दुसऱ्या टोकाला ५.२५ मीटरवर खडू बांधायचा आणि कमान काढायची. सिमेंटच्या मैदानावर खडू दोन दिवस टिकतो. पहिला महिनाभर रेषा दिसली पाहिजे, नाहीतर पोरं हळूहळू बाहेर सरकतात.

सराव चार विरुद्ध चार, आक्रमणाला ड्रिबल बंद. पास झाला की बचावाच्या चौघांनी चेंडू हवेत असतानाच जागा बदललेली हवी. प्रशिक्षकाने चेंडू पोचताच 'थांब' म्हणायचं आणि प्रत्येकाचे पाय बघायचे. ज्याचा पाय अजून हलतोय तो उशिरा निघाला. हे नीट झाल्यावरच ड्रिबल चालू करा, मग बॉल स्क्रीन. पोस्टची डबल टीम सगळ्यांत शेवटी.

हुकलेला_फ्रीथ्रो

एक भर. फिबात फ्री थ्रोच्या कडेला बचावाचे तीन आणि आक्रमणाचे दोन, एकूण पाचच. त्यामुळे पर्ड्यूसारखी वेळ आली तर दोन उंच खेळाडूंना दोघा-दोघांनी अडवणं जमत नाही. धोकादायक असेल त्या एकालाच दोघांत घ्या. आणि 'वन अँड वन' (पहिला फ्री थ्रो आत गेला तरच दुसरा) आपल्याकडे नाही. क्वार्टरच्या पाचव्या सांघिक फाउलपासून थेट दोन फ्री थ्रो. हेज करताना हात वापरायची सवय असेल तर सहाव्या मिनिटालाच बोनस सुरू होतो.

वऱ्हाडी_पॉइंटगार्ड

उंच खेळाडू एकच असेल तर? आमच्याकडे सहा फुटांवर एकच आहे.

रेघ

मग डबल टीम सोडून द्या. पोस्टवाल्याच्या पुढून अर्धं अंग घालून पासच अवघड करा, आणि पास गेलाच तर जवळच्या गार्डने चेंडूवर हात मारून लगेच परत जायचं. हार्ड हेजही नको, एकुलता एक उंच खेळाडू रिंगपासून आठ मीटर लांब गेला तर रिबाउंड कोण घेणार? त्याला स्क्रीनच्या खाली एक पाऊल थांबवा आणि गार्डला स्क्रीनवरून पाठलाग करू द्या. बाकी चौघांची रेषा तीच.